जुना डेस्कटॉप, पंधरा हजार आणि नागपूरचा उन्हाळा: गेमिंगसाठी काय बदलायचं, कोणत्या क्रमाने

माझा भाचा बारावीचा शेवटचा पेपर देऊन थेट माझ्याकडे मानेवाड्याला आला. "मावशी, पंधरा हजार जमले. उद्या बर्डीच्या बाजारात जाऊ अन् ग्राफिक कार्ड घेऊन येऊ. पीसी खूपच अटकून राहिला."

त्याचा डेस्कटॉप २०१४ चा. चौथ्या जनरेशनचा आय-५ ४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी म्हटलं, कार्ड सगळ्यात शेवटी. आधी स्क्रूड्रायव्हर आण, झाकण उघडू. त्यानंतरच्या तीन-चार रविवारी आम्ही जे केलं, ते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. पहिल्यांदाच हे करणाऱ्या कोणालाही हा क्रम उपयोगी पडेल.

क्रमाचा आग्रह का, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः सगळे पैसे कार्डात घातले आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा, तसाच ठेवला. मे महिन्यात दुपारी गेम चालू असताना फट् आवाज झाला, जळका वास आला आणि मशीन बंद. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. तेव्हापासून मी जुन्या मशीनवर खर्च करताना दोनच गोष्टी आधी बघते: वीज कुठून येते आणि उष्णता कुठून जाते. वेगाचा विचार त्यानंतर.

आधी वहीत लिहून काढा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, तिचे किती स्लॉट भरलेले आहेत, डिस्क कोणती, हे सगळं तिथे दिसतं. मदरबोर्डचं मॉडेल हवं असेल तर सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाका. मग मशीन बंद करून झाकण उघडा आणि तीन गोष्टी टेपने मोजा किंवा डोळ्याने बघा: कार्डासाठी आत किती सेंटिमीटर जागा आहे, एसएमपीएसमधून ६ किंवा ८ पिनांची मोकळी वायर निघते का, आणि मॉनिटरच्या मागे कोणती जोडणी आहे.

मॉनिटरचं लोक हमखास विसरतात. जुन्या मॉनिटरला बहुतेक वेळा फक्त व्हीजीए असतं आणि आताच्या कार्डांना व्हीजीए नसतंच. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर स्वस्तात मिळतो, पण तो आणायला बर्डीची दुसरी चक्कर पडू नये म्हणून आधीच यादीत टाका.

मशीन एखाद्या ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड असेल तर जास्त जपून बघा. डेलच्या काही ऑप्टिप्लेक्समध्ये मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांची जोडणी असते, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस कन्व्हर्टर वायरशिवाय लागत नाही. पातळ, आडव्या कॅबिनेटमध्ये तर फक्त लो-प्रोफाइल, म्हणजे अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं.

अडतंय कुठे, ते मोजा

"पीसी अटकतो" हे लक्षण आहे. रोग वेगळा असू शकतो. नेहमीचा गेम चालू करा आणि मागे टास्क मॅनेजर उघडा ठेवा. रॅम ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० वर असेल तर कार्ड घालून काही होणार नाही. प्रोसेसर १०० वर टेकलेला असेल तर तिथे अडतंय. भाच्याच्या मशीनवर गेम सुरूही व्हायच्या आधी, नुसतं विंडोज उघडल्यावर रॅम ७० टक्के भरलेली आणि डिस्क १०० वर होती. म्हणजे त्याचा पहिला त्रास ग्राफिक्सचा नव्हताच.

याच वेळी तापमानही बघून घ्या. एचडब्ल्यूमॉनिटर हे छोटं सॉफ्टवेअर पुरतं. अर्धा तास गेम चालवून प्रोसेसरचा सर्वांत जास्त आकडा वहीत लिहा. शेजारी त्या दिवशी खोलीचं तापमान किती होतं, तेही. हा दुसरा आकडा नागपुरात फार महत्त्वाचा आहे. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश आतले भागही वर जातात. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारा प्रोसेसर मेच्या दुपारी ३८ अंशांच्या खोलीत ९० च्या पार जातो. शंभराच्या आसपास पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो पीसी म्हातारा झाला.

जवळपास फुकटातली दुरुस्ती

झाकण काढून मशीन गच्चीत किंवा अंगणात न्या. ब्लोअरने धूळ उडवा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. जोरात हवा लागून पंखा सुसाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. मदरबोर्डवर मऊ ब्रश फिरवा, ओलं फडकं अजिबात लावू नका.

मग प्रोसेसरवरचा पंखा काढा. दहा वर्षांत खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप, वाळून खडूसारखी झालेली असते. आमची तर नखाने पापुद्रे सुटत होते. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन ती पूर्ण पुसा आणि नवीन पेस्टचा तुरीच्या दाण्याएवढा एकच ठिपका मधोमध ठेवा. पसरवायची गरज नाही, दाबाने पसरते. इंटेलच्या मूळ पंख्याला चार खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा टक् आवाज आला पाहिजे. मग मदरबोर्डच्या मागून बघा, चारही खुंट्यांची टोकं सारखी बाहेर आली का. एक जरी अर्धवट राहिली तरी पंखा तिरका बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. एवढ्याने भाच्याच्या प्रोसेसरचं तापमान १४ अंशांनी उतरलं. खर्च पेस्टच्या एका ट्यूबचा.

पैसे कसे वाटायचे

वाटणीआधी एक विचार करा: घेतलेल्या वस्तूंपैकी कोणत्या पुढच्या मशीनमध्ये जातील? चांगला एसएमपीएस, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क), ग्राफिक कार्ड आणि कॅबिनेटचे पंखे जातील. डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम आणि जुन्या सॉकेटचा प्रोसेसर जाणार नाहीत. म्हणून या दोघांवर कमीत कमी खर्च. पंधरा हजारांचे मी ढोबळमानाने असे भाग केले: निम्म्याच्या आसपास कार्ड, पाचवा हिस्सा एसएमपीएस, तेवढाच एसएसडी, उरलेल्यात जुनी रॅम, एक पंखा, पेस्ट आणि वायरी. भाव आठवड्याला हलतात, म्हणून एकाच दिवशी तीन दुकानांत विचारा आणि लिहून घ्या. २०२५ च्या शेवटापासून नव्या रॅमचे भाव खूप चढले आहेत, त्यामुळे सध्या नवीन मशीन बांधण्यापेक्षा चौथ्या जनरेशनच्या जुन्या मशीनला दोन-तीन वर्षं काढायला लावणं मला तरी पटतं.

डीडीआर२ रॅमचं, कोअर टू ड्युओच्या काळातलं मशीन असेल तर मात्र रॅम आणि प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नका. तो पैसा साठवा.

रॅम आणि एसएसडी

एच८१ किंवा त्याआधीच्या एच६१ बोर्डवर रॅमचे साधारण दोनच स्लॉट असतात आणि मर्यादा १६ जीबीची. ८-८ च्या दोन सारख्या स्टिक घ्या. दोन स्टिक असल्या की बोर्ड दोन्हीकडून एकदम डेटा ओढतो, तो फरक गेममध्ये जाणवतो. सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, रॅम सहसा खराब होत नाही. फक्त अतिशय स्वस्त ८ जीबीच्या काही स्टिक फक्त एएमडीच्या बोर्डवर चालणाऱ्या असतात. इंटेलचा बोर्ड आहे हे सांगूनच घ्या आणि चालली नाही तर परत घेणार का, ते आधी ठरवा.

एसएसडी साध्या साटा जोडणीची, अडीच इंची घ्या. दुकानात एनव्हीएमई ही आणखी वेगवान, पट्टीसारखी एसएसडी दाखवतील, पण एवढ्या जुन्या बोर्डवर तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. एच८१ वर साटाचे दोन पोर्ट वेगवान आणि दोन निम्म्या वेगाचे असतात, वेगवान पोर्टशेजारी बोर्डवर ६जी छापलेलं असतं, वायर तिथे लावा. एच६१ वर सगळेच निम्म्या वेगाचे, तरी हार्ड डिस्कच्या मानाने फरक प्रचंड पडतो. एक स्पष्ट सांगते: एसएसडीने फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढत नाहीत. गेम लवकर उघडतो, नवा नकाशा येताना हिसका बसत नाही, इतकंच. ते इतकंच सुद्धा रोजच्या वापरात फार मोठं आहे. विंडोज नव्याने टाका, जुनं जसंच्या तसं उचलून आणू नका, आणि हार्ड डिस्क फोटो-सिनेमांसाठी आत राहू द्या.

एसएमपीएस: इथे घासाघीस नको

भाच्याच्या जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं होतं. मी त्याला खालचा बारीक तक्ता वाचायला लावला. त्यात १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे कामाचे वॅट एवढेच. बाकीचा आकडा नुसता स्टिकरवर. तुमच्याकडच्या डब्यावरही हाच गुणाकार करा.

आता गरज किती? ४५७० प्रोसेसरचे ८४ वॅट, आरएक्स ५८० सारख्या कार्डाचे १८५, बाकी बोर्ड, डिस्क, पंख्यांचे ५० धरा. ३२० च्या आसपास. यावर नागपूरच्या उन्हाळ्यासाठी शंभर-सव्वाशे वॅटची मोकळीक हवी, कारण तापलेला एसएमपीएस पूर्ण ताकदीने चालत नाही. म्हणजे नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचं, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राचं, चिन्ह असलेला ४५० किंवा ५५० वॅटचा. नवाच घ्या, पक्क्या बिलाने. सगळं सेकंड हँड चालेल, हे नाही.

घरातल्या थ्री-पिनला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो, तेही बॅटरी नवी असताना. लाईन गेली की गेम संपवून नीट बंद करण्यापुरताच त्याचा भरवसा धरा.

ग्राफिक कार्ड

कोणता गेम खेळायचा आहे ते आधी ठरवा. वॅलोरंट तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरही चालतो, त्याला रॅम आणि प्रोसेसर जास्त लागतो. जीटीए ५ साठी कार्ड लागतं, पण फार मोठं नाही.

एसएमपीएस बदलणं शक्यच नसेल, तर जीटीएक्स १६५० चं असं मॉडेल शोधा ज्याला वेगळी वीजजोडणी नाही. ते स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालतं. काही १६५० ना ६ पिनांची वायर लागते, म्हणून फोटो मागून घ्या. बाजारात जीटीएक्स १०५० टीआय भरपूर दिसेल. ते २०१६ चं आहे आणि त्या पिढीसाठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता फक्त सुरक्षा अपडेट येतात. फारच स्वस्त मिळालं तरच घ्या.

एसएमपीएस बदलला असेल तर सेकंड हँडमध्ये जीटीएक्स १६६० सुपर किंवा ८ जीबीचं आरएक्स ५८० बघा. पहिलं कमी वीज खातं, १२५ वॅट, आणि म्हणून खोलीही कमी तापवतं. माझी पसंती त्याला. ५८० घेताना '२०४८ एसपी' हे शब्द शोधा. मूळ ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, २०४८ वालं म्हणजे नाव ५८० चं आणि जोर ५७० चा.

आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही नवी आणि मोहात पाडणारी कार्डं आहेत. आपल्या कामाची नाहीत. ती स्लॉटच्या १६ पैकी फक्त ४ लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतात. नव्या बोर्डवर ते खपतं, पण एच८१ चा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस २.० या जुन्या, कमी वेगाच्या प्रकारचा, तिथे ती गुदमरतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक कार्डांवर गणितं सोडवून ते चलन कमावणं, बंद झालं, तेव्हा मायनिंगमध्ये रात्रंदिवस चाललेली कार्डं ढिगाने सेकंड हँड बाजारात आली. असं प्रत्येक कार्ड वाईट नसतं, पण तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याकडे चालू मशीनवर बसून बघायचं. पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं) आणि फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देऊन बघणारं) ही सॉफ्टवेअर न्या. जीपीयू-झेड बनावट कार्ड ओळखून तसं लिहून दाखवतं. जुन्या कार्डावर १०५० टीआयचं नाव चढवून विकणारे असतात, ते इथेच उघडे पडतात. मग फरमार्क पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा, चौकोन दिसले तर कार्डाची मेमरी गेली, उठा आणि निघा. पंख्याची घरघर कान लावून ऐका. मागचे सगळे पोर्ट एकेक करून लावून बघा. आम्ही धंतोलीत पाहिलेल्या एका कार्डाला बाराव्या मिनिटाला हिरव्या रेघा आल्या. विकणारा म्हणाला, "वायर ढिली असेल." दुसरी वायर लावली, रेघा तिथेच. भाच्याला ते कार्ड सोडणं फार जड गेलं. पुढच्या आठवड्यात त्याला बिलासकट १६६० सुपर मिळालं.

बसवताना

प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, आत उरलेली वीज निघून जाते. थंडीत आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. फरशीवर बसून करा, गालिच्यावर नको. कार्ड सरळ धरून स्लॉटमध्ये दाबा, कडेची कडी लागल्याचा आवाज येईल. स्क्रू लावा, ६ किंवा ८ पिनांची वायर पूर्ण आत जाईपर्यंत दाबा.

आणि मॉनिटरची वायर आता मदरबोर्डमधून काढून कार्डात लावा. नव्याने करणाऱ्यांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच. भाच्यानेही जुन्या सवयीने वायर बोर्डातच लावली होती आणि "मावशी, काहीच फरक नाही" म्हणून त्याचा चेहरा उतरला होता. वायर बदलली आणि तोच गेम लोण्यासारखा चालू लागला.

पडद्यावर काहीच आलं नाही तर घाबरू नका. आधी रॅम काढून पुन्हा बसवा. मग कार्डाची वायर बघा. तरीही नाही, तर कार्ड काढून, मॉनिटरची वायर पुन्हा बोर्डात लावून मशीन सुरू करा आणि बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. जुने एच६१ बोर्ड नवं कार्ड ओळखत नाहीत, त्याचा उपाय बहुतेक इथेच सापडतो. बायोस अपडेट होत असताना लाईन जाऊ देऊ नका, मशीन यूपीएसवर असू द्या.

विंडोजचा प्रश्न उरतो. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आपल्या मशीनमध्ये दोन्ही नाही. ओढूनताणून ११ टाकता येतं, पण वॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागतो, मग तो गेम उघडणारच नाही. लिनक्सवर स्टीमचे पुष्कळ गेम चालतात, वॅलोरंट तिथेही नाही. भाच्याने १० च ठेवलं आणि त्या मशीनवर बँकेचं काहीही उघडायचं नाही, हे त्याने मला कबूल केलं आहे.

प्रोसेसर बदलायची घाई करू नका. महिनाभर खेळा. कार्ड ६०-७० टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसर १०० वर, असं सतत दिसलं तर सेकंड हँड आय-७ ४७७० बघा, तो त्याच सॉकेटमध्ये बसतो. तिसऱ्या जनरेशनच्या मशीनवर मात्र मी थांबेन. त्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा एक नवा संच) नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत.

मे महिन्यासाठी

कॅबिनेटला पुढून हवा ओढणारा १२० मिमीचा एक पंखा आणि मागून बाहेर फेकणारा एक, एवढं तरी हवंच. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. टेबलाच्या बंद कप्प्यात कधीच नको. कुलर चालू असेल तर खोली थंड राहते, त्याचा मशीनला फायदाच आहे, पण कुलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. त्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात आणि वाळ्याच्या ताट्यांचा चुराही.

गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. साधा मॉनिटर सेकंदाला ६० च चित्रं दाखवतो, त्यावरच्या फ्रेम म्हणजे नुसती उष्णता. सावल्यांची सेटिंग सर्वांत खाली आणा, एफएसआर (कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करून कार्डाचं काम हलकं करणारी सोय) असेल तर चालू करा. पोताची (टेक्श्चर) सेटिंग मात्र उंचावर ठेवायला हरकत नाही, कार्डाची मेमरी पुरते तोवर.

२५ मेच्या सुमारास नवतपा लागेल. त्या आठवड्यात एका दुपारी पुन्हा अर्धा तास गेम चालवून तापमान मोजा आणि वहीत मार्चच्या आकड्याखाली लिहा. प्रोसेसर ९० च्या किंवा कार्ड ८५ च्या वर गेलं, तर जून लागेपर्यंत दुपारी मशीन बंद, खेळणं रात्री दहानंतर.